गळा मालाडचा, आवाज दिल्लीचा

मालाड स्टेशनला पश्चिमेकडे उतरून मार्व्याची बस धरली, की मालवणीच्या अंगाला एक उंच, सडपातळ लोखंडी मनोरा दिसतो. अंगावर लाल-पांढरे पट्टे, चहूबाजूंनी ताणलेल्या तारा, रात्री माथ्यावर लाल दिवा. पुढे आयएनएस हमला, त्याच्या पुढे मार्व्याचा धक्का आणि मनोरीला जाणारी बोट. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात आणि त्याला मोबाइल कंपनीचा खांब समजतात. त्याला हे नक्कीच लागत असणार. कारण हा आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा गळा आहे. स्टुडिओ तिकडे चर्चगेटला, मंत्रालयाच्या शेजारी. तिथं माणसं बोलतात, गातात, बातम्या वाचतात. पण मध्यम लहरींवरचा तो आवाज हवेत सुटतो तो इथून, मालाडमधून.

त्याची शरीररचना आधी सांगतो, कारण स्वभाव तिथूनच कळतो. मध्यम लहरींच्या मनोऱ्याच्या डोक्यावर बहुधा वेगळा अँटेना नसतो. मनोरा हाच अँटेना. पायाखाली चिनी मातीचा इन्सुलेटर असतो आणि सगळ्या अंगातून वीज खेळत असते. म्हणजे आवाज सर्वांगातून निघतो आणि डोक्यात काही नसतं. खाडीकाठची ओलसर, खारी जमीन अशा लहरींना मानवते, त्यामुळे मालवणीत त्याची तब्येत चांगली राहिली. दिवसा त्याचं बोलणं आपल्या मुलखापुरतं पोचतं. सूर्य मावळला, की वातावरणाचा एक थर विरतो, लहरी वर जाऊन परततात आणि तोच आवाज शेकडो मैल लांब ऐकू येतो. अंधारात याचा पल्ला वाढतो, हे लक्षात ठेवा.

घराणं मोठं आहे. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विननं सुरू केलं. मालक होती एक खासगी कंपनी. ती तीन वर्षांत बुडाली आणि १९३० मध्ये सरकारनं हे पोर दत्तक घेतलं. पुढे १९३६ मध्ये त्याचं ‘ऑल इंडिया रेडिओ’ असं बारसं झालं. दत्तक गेल्या दिवसापासून त्याच्या अंगी एक सवय मुरली : घरात जो कारभारी असेल त्याच्याच तोंडाकडे बघून बोलायचं. कारभारी गोरा असो की खादीतला, याची मान तशीच ताठ आणि नजर तशीच दिल्लीकडे.

पण माणूस प्रेमळ, यात शंका नाही. गिरणगावातल्या खोल्यांत कामगारसभा यानं नेली. दुपारच्या निवांत वेळी बायकांशी वनिता मंडळातून बोलला. ‘आपली आवड’मध्ये लोकांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांची गाणी लावली. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींना आणि मीनावहिनींना मुंबईच्या चाळी शेजाऱ्यांसारखं ओळखत होत्या. ज्यांच्या घरी पेपर येत नव्हता आणि ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना जगाची खबर यानंच दिली. म्हणून तर लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. ‘रेडिओवर सांगितलं’ म्हणजे वाद संपला. हा विश्वास कामगारांनी आणि बायकांनी, रोज कान देऊन, त्याच्या पदरात टाकला होता. पुढे तो कुणी वापरला, ते सांगायचं आहे.

वागणुकीत सोवळेपणा भारी. हार्मोनियम परदेशी, तिचे सूर आपल्या रागांना चालत नाहीत, म्हणून १९४० मध्ये पेटीला दार बंद झालं ते १९७१ पर्यंत. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुण्याचे, संगीतातले जाणते. त्यांना सिनेमाची गाणी खपत नसत. याच्या तोंडून ती जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती काढून समजूत घालावी लागली तेव्हा लोक परतले. कानाला दुसरा पर्याय असला, की हुकूम कसा टिकत नाही, ते तेव्हा दिसलं होतं. ज्यांना शिकायचं होतं ते शिकले : पुढच्या वेळी पर्यायच ठेवायचा नाही.

घराण्याची खरी परीक्षा १९४२ मध्ये झाली. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक देणारे काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि सरकारी रेडिओ सरकारचंच बोलत राहिला. तेव्हा याच मुंबईत, याच हवेत, एक सावत्र बहीण बोलू लागली. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्र छोटं, जागा सारखी बदललेली, मागे पोलिस. आष्टी आणि चिमूरला काय अत्याचार झाले, ते तिनं हवेत सांगितलं. सरकारी रेडिओ तिच्या लहरींवर खरखर सोडायचा. तिच्या माणसांनी त्याला ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणायला सुरुवात केली. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी गिरगावात दार फोडलं आणि ती गप्प झाली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. तीन महिन्यांपेक्षाही कमी आयुष्य लाभलेली ही बहीण मला तिच्या भरभक्कम भावापेक्षा मोठी वाटते.

त्याच वर्षी लंडनमध्ये एक चुलत नातेवाईक मराठी बोलत होता. बीबीसीच्या भारतीय विभागात एरिक ब्लेअर नावाचा अधिकारी युद्धाची वार्तापत्रं इंग्रजीत लिहायचा आणि त्यातली काही मराठीत उतरवून वाचली जायची. वाचणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. तिकडे बर्लिनहून आझाद हिंद रेडिओही मराठीत बोलत होता. ब्लेअर मूळचा बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेला. आपलं काम प्रचाराचं आहे हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या हाताखालून जायची. १९४३ मध्ये तो नोकरी सोडून बाहेर पडला आणि दोन वर्षांनी जॉर्ज ऑर्वेल या नावानं त्याची ‘ॲनिमल फार्म’ छापून आली. प्रचारासाठी रेडिओ कसा वापरतात, हे त्यानं आतून पाहिलेलं होतं. मराठी माणसानं हे पुस्तक वाचताना एवढं ध्यानात ठेवावं, की त्याच्या लेखकाचे शब्द आपल्या भाषेत हवेतून आले होते.

प्राण्यांच्या राज्याच्या त्या गोष्टीत स्क्वीलर नावाचं एक डुक्कर आहे. दूध आणि सफरचंदं डुकरांनाच का मिळाली पाहिजेत, हे ते गोड आवाजात पटवून देतं. त्याची हुशारी सगळ्यांच्या लक्षात राहते. त्याच्याबरोबर येणारी कुत्री लोक विसरतात. स्क्वीलर बोलतो आणि मागे कुत्री गुरगुरत असतात. तो एकटा आला असता, तर घोडे-मेंढ्यांनी दोन प्रश्न विचारले असते. कुत्री एकटीच आली असती, तर प्राण्यांना आपण गुलाम आहोत हे निदान स्पष्ट कळलं असतं. दोघं एकत्र आले, की भ्यायलेला प्राणी आपली भीती लपवायला सांगितलेलं खरं मानतो. ‘मला पटलं’ म्हणण्यात ‘मी घाबरलो’ म्हणण्याइतकी लाज नसते.

आता आपल्या मनोऱ्याच्या सगळ्यात वाईट दिवसांकडे येऊ. २६ जून १९७५ ची सकाळ. आदल्या रात्री दिल्लीतल्या छापखान्यांची वीज तोडलेली, विरोधी नेते जयप्रकाश नारायण आणि मोरारजी देसाई अटकेत. अशा वेळी पंतप्रधान इंदिरा गांधींचा आवाज आकाशवाणीवरून आला : आणीबाणी जाहीर झाली आहे, घाबरण्याचं कारण नाही. ज्यांना त्या क्षणापर्यंत घाबरण्यासारखं काही माहीत नव्हतं, तेही त्या वाक्यानं घाबरले. मनोऱ्यानं ते वाक्य जसंच्या तसं घरोघर पोचवलं. त्याच्या अंगातून गेलेलं इतकं जड वाक्य मला दुसरं माहीत नाही.

मग रोज वीस कलमी कार्यक्रम. उत्पादन वाढलं, शिस्त आली, जनता समाधानी आहे. सप्टेंबरमध्ये इंदिराबाईंनी केंद्रसंचालकांना बजावलं, की आकाशवाणी हे सरकारचं अंग आहे आणि सरकारचंच राहील. नभोवाणीमंत्री विद्याचरण शुक्ल यांनी ते अंग हवं तसं वळवून घेतलं. लोक त्याला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले. तेही आवाज खाली आणून, दार लावून.

तरी सांगितलेल्या खोट्यानं फारसं बिघडलं नाही, असं मला वाटतं. स्तुती ऐकून लोक कंटाळतात, कान बंद करतात. खरा घात केला तो याच्या मौनानं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं नंतर मोजलं : ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ३४,९८८ माणसं आणि संरक्षण कायद्याखाली ७५,८१८ माणसं स्थानबद्ध किंवा अटकेत होती. एक लाख दहा हजारांहून जास्त घरांत एक ताट रिकामं होतं आणि मनोरा त्याबद्दल गप्प राहिला. शेजारच्या घरातला माणूस नाहीसा होतो आणि रेडिओवर त्याचा उल्लेख नसतो, तेव्हा बायको शेजारणीला सांगायलाही बिचकते. आपल्या एकट्यावरच हे आलंय असं प्रत्येक घराला वाटतं. हुकूमशहाला एवढंच हवं असतं. लाखभर घरांचं दुःख एकमेकांना कळू दिलं नाही, की ते लाखभर वेगवेगळ्या भीती होऊन बसतं.

पवनारच्या आश्रमात विनोबा भावे मौनात होते. त्यांनी लिहिलेले ‘अनुशासनपर्व’ हे शब्द सरकारनं उचलले आणि देशभर गाजवले. जणू काही त्या ऋषीनं आणीबाणीला आशीर्वाद दिला. जानेवारी १९७६ मध्ये त्यांच्याच आश्रमात आचार्यांचं संमेलन भरलं आणि देश पूर्ववत करा असं त्यात सांगण्यात आलं. त्याचा गाजावाजा झाला नाही. त्याच वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं, तेव्हा ते छापणाऱ्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक पोलिसांनी आश्रमातून उचलून नेले. दोन शब्द हवे होते तेवढे घेतले, बाकीचे जप्त केले. मनोऱ्याच्या मालकांचा खाक्या कुणाला समजून घ्यायचा असेल, तर त्याला हा एक प्रसंग पुरेल.

किशोरकुमारची गोष्ट तर मुंबईचीच. सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमात गायला त्यानं नकार दिला. ४ मे १९७६ पासून आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर त्याचा आवाज बंद. विविध भारती लावून बसलेल्या श्रोत्याला कारण कुणी सांगितलं नाही. एक आवडता आवाज यायचा थांबला एवढंच कळलं. आणि तेच परिणामकारक ठरलं. प्रत्येक गायकाला, लेखकाला, निवेदकाला आपापलं उत्तर मिळालं. शाह आयोगासमोर शुक्लांनी जबाबदारी कबूल केली, पण ते सत्ता गेल्यावर.

मनोऱ्याबद्दल मला इथं खरोखर वाईट वाटतं. ‘साधना’ साप्ताहिक सेन्सॉरशी भांडत उच्च न्यायालयात गेलं आणि जिंकलं. मिनू मसानींनी ‘फ्रीडम फर्स्ट’ या आपल्या नियतकालिकासाठी तसंच केलं. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी मुंबईत जसलोकमध्ये आजारी असलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि सगळा मांडव उभा राहिला. छापील अक्षराला संपादक होते, व्यासपीठाला दुर्गाबाई होत्या. मनोऱ्याच्या वतीनं कोर्टात जायला कुणीच नव्हतं, कारण तो ज्यांचा होता तेच त्याचा गळा आवळत होते.

त्याच्या बोलण्याला आणखी एक दोष जन्मजात आहे. ऑर्वेलच्या गोष्टीत नियम कोठाराच्या भिंतीवर लिहिलेले असतात, म्हणून ते बदलायला स्क्वीलरला रात्री शिडी आणि रंगाचा डबा घेऊन जावं लागतं आणि तो पडतो, तेव्हा चोरी उघडी पडायची वेळ येते. मनोऱ्याला भिंतच नाही. काल काय बोलला ते आज हवेत शिल्लक नसतं. पेपराचं कात्रण जपून ठेवता येतं आणि मंत्र्याच्या तोंडावर धरता येतं. ऐकलेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या आठवणीवर सोडावं लागतं आणि भ्यायलेल्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरही विश्वास उरत नाही. रात्री आवाज बारीक करून बीबीसी लावणारी माणसं बातमीइतकीच आपल्या शुद्धीची खात्री शोधत होती.

मालाडच्या शेजारी गोरेगाव आणि गोरेगावात मृणाल गोरे. नळाला पाणी नाही म्हणून हंडे घेऊन महापालिकेवर जाणाऱ्या पाणीवाल्या बाई. महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनी आणि अहिल्या रांगणेकरांनी काढले होते. आणीबाणीत त्या भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या, अकोल्याच्या तुरुंगात राहिल्या. घराजवळच्या या मनोऱ्यानं त्यांचं नाव कधी काढलं नाही. पण गोरेगाव-मालाडच्या झोपड्यांतल्या बायकांना आपली बाई कुठे आहे, याची खबर होती. नळावर, रेशनच्या रांगेत, लोकलच्या बायकांच्या डब्यात ती फिरत होती. १९७७ च्या निवडणुकीत मालाड ज्या उत्तर मुंबई मतदारसंघात होतं, तिथून मृणालताई लोकसभेवर गेल्या. घोषणा हिंदीत आणि रस्त्यावरची होती : पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में. आकाशवाणीत काही वर्षं नोकरी केलेले पु. ल. देशपांडे त्या निवडणुकीत मैदानांत उभे राहून बोलले. घरोघर पोचवणाऱ्या यंत्राशिवाय लोकांनी त्यांना ऐकलं. मनोऱ्याच्या छायेत, मनोऱ्याला न विचारता, लोकांनी आपलं मत ठरवलं होतं.

सत्ता बदलली म्हणून त्याची सवय मात्र गेली नाही. २२ मार्च १९७९ ला पंतप्रधान मोरारजींनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं सांगितलं. श्रद्धांजली वाहिली गेली, आकाशवाणीनं देशाला बातमी दिली. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात होते आणि जिवंत होते. ज्या शहरात तो माणूस होता, त्याच शहरातल्या मनोऱ्यानं तो मेल्याचं सांगितलं, कारण दिल्लीनं तसं कळवलं होतं. जयप्रकाश वारले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. ती खोटी बातमी गेली तेव्हा गादीवर कुणी हुकूमशहा नव्हता. उलट आणीबाणीत स्वतः तुरुंग भोगलेला माणूस होता. म्हणूनच ही गोष्ट मला आणीबाणीच्या गोष्टींपेक्षा जास्त अस्वस्थ करते. जुलमी राजा जातो, त्यानं वळवलेली मान तशीच राहते. पुढच्या राजाला ती आयती मिळते.

त्याची मान सरळ करण्याचे प्रयत्न झाले. १९७७ मध्ये बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. तिनं १९७८ मध्ये सरकारपासून वेगळी, स्वायत्त संस्था करा असं सांगितलं. कायदा यायला १९९० उजाडलं आणि तो अमलात यायला १९९७. दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल दिला. त्या कायद्यानं प्रसार भारती ही स्वायत्त संस्था स्थापन झाली, पण तिच्या खर्चासाठी हात सरकारपुढेच पसरावा लागतो आणि ज्याच्या हातून जेवायचं त्याच्यावर बोलणं कठीण असतं.

मनोरा अजून उभा आहे. अस्मिता वाहिनीवर मराठी बोलतो. ऐकणारे कमी झालेत. मालवणीतल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात त्यांना हवा तो आवाज आहे, खराही आणि खोटाही. त्यामुळे याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. तसं म्हणू नका. मोबाइलमध्ये आज जे येतं ते कुणी पाठवलं, कुणाच्या पैशानं पाठवलं, कशाबद्दल ते गप्प आहे, हे प्रश्न विचारायला आपण शिकलो ते याच मनोऱ्याच्या आणीबाणीतल्या एकवीस महिन्यांच्या वागण्यातून. तो अनुभव मालाडकरांच्या घरात आजी-आजोबांच्या रूपानं अजून जिवंत आहे. त्यांना विचारून घ्या, तोवर वेळ आहे.

आणि एक करा. या देशात खासगी एफएम केंद्राला गाणी लावता येतात, जाहिराती लावता येतात, विनोद करता येतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. आणीबाणी उठून इतकी वर्षं झाली, लहरी जनतेच्या आहेत असा निकाल लागूनही पाव शतक उलटलं, तरी रेडिओवर बातमीचा एकच गळा आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो कुणी दारात येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला विचारा : हा नियम तुम्ही कधी काढणार?